मात्रास्पर्श आणि हृच्छूल

गीता-स्वाध्याय : अध्याय दुसरा, श्लोक चौदावा

१. विषयप्रवेश

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनाला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. इंद्रियांचे विषयांशी होणारे संयोग शीत-उष्ण आणि सुख-दुःख देणारे असतात, ही पहिली. आणि ते येणारे-जाणारे, अनित्य असल्यामुळे सहन करावेत, ही दुसरी. हा श्लोक बहुतेक गीतापाठकांना मुखोद्गत असतो आणि संकटाच्या वेळी एकमेकांना तो सांगण्याची चालही आपल्याकडे जुनी आहे. परंतु ‘सहन करावे’ ही आज्ञा जेवढी लक्षात राहते, तेवढे त्या आज्ञेचे कारण लक्षात राहत नाही. भगवंतांनी आज्ञा दिली ती सकारण दिली आहे. कारण सोडून आज्ञा पाळली तर ती आज्ञेची अवज्ञाच होते.

सामान्य व्यवहारात ही विस्मृती फारशी बाधत नाही. ज्याला हृदयविकार जडला आहे, त्याच्या बाबतीत मात्र ती प्राणावर बेतू शकते. छातीत कळ आली असता एक जण ‘मनाचा खेळ आहे’ म्हणून ती गिळतो. दुसरा कळीच्या भयाने जिवंतपणीच अर्धमेला होतो. तिसऱ्याला कळच येत नाही, म्हणून तो स्वतःस निरोगी समजतो. तिघांनाही श्लोक पाठ असू शकतो. मानसिक ताण आणि हृदयाची वेदना यांचा परस्परसंबंध काय, आणि त्या प्रकाशात ‘तितिक्षा’ या पदाचा यथार्थ अर्थ कोणता, याचा विचार प्रस्तुत पाठात कर्तव्य आहे.

२. स्थळविचार

शास्त्रविचार हवेत राहू नये म्हणून एखादे स्थळ डोळ्यांसमोर ठेवणे हितकर असते. चेन्नईहून पश्चिमेस बंगळूरूच्या राजमार्गाने निघाले असता साधारण ३५ ते ४० किलोमीटरांवर कांचीपुरम जिल्ह्यातील इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. हाच मार्ग पुढे बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे असा मुंबईकडे जातो; त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढे थोड्याच अंतरावर श्रीपेरुंबुदूर आहे. परंपरेनुसार इ. स. १०१७ मध्ये श्रीरामानुजाचार्यांचा जन्म येथे झाला. गीतेवरील त्यांचे भाष्य प्रसिद्धच आहे.

आचार्यांच्या जन्मभूमीच्या उंबरठ्यावरील हे गाव आज यंत्रांच्या घोषाने भरलेले आहे. १९९० साली येथे मोटारींच्या शर्यतीचा मार्ग सुरू झाला. पुढे तामिळनाडू शासनाच्या सिपकॉट या संस्थेची औद्योगिक वसाहत झाली आणि १९९८ साली ह्युंदाईच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. जे जीवन चाकण, भोसरी किंवा वाळूज येथील कामगार जगतो, तेच येथील कामगार जगतो : पाळ्यांचे काम, उलटसुलट झोप, घरापासूनचे अंतर, कर्जाचे हप्ते, आणि ठरलेल्या वेळात ठरलेले काम पुरे करण्याची निकड. शर्यतीच्या मार्गावर वेग दिसतो. कारखान्यातील आणि मनातील वेग दिसत नाही, एवढाच भेद.

शर्यतीचा उल्लेख येथे निष्कारण केलेला नाही. १९६९ साली लंडनमधील टॅगार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी मोटार चालविताना निरोगी आणि रोगी हृदयावर काय परिणाम होतो, याचे निरीक्षण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. शर्यतीच्या चालकांच्या नाडीची गती अतिशय वाढलेली आढळली. शहराच्या गर्दीत साधी मोटार चालविणाऱ्या कित्येक हृदयरोग्यांच्या विद्युत्-आलेखात, म्हणजे ज्याला आपण ईसीजी म्हणतो त्यात, रक्तपुरवठा अपुरा पडल्याच्या खुणा उमटल्या. बसल्या जागी, अंगमेहनत जवळजवळ नसताना, केवळ मनाच्या ओढाताणीने हे घडले. पाठाचा विषय येथूनच सुरू होतो.

३. पदविचार

‘मात्रा’ या पदाचा अर्थ श्रीशंकराचार्य ‘ज्यांच्या योगे शब्दादि विषय मोजले जातात ती श्रोत्रादि इंद्रिये’ असा करतात. त्यांचे विषयांशी होणारे संयोग हे ‘स्पर्श’. श्रीरामानुजाचार्य तन्मात्रांची कार्ये असलेल्या शब्दस्पर्शादि विषयांनाच ‘मात्रा’ म्हणतात. दोन्ही पक्षी तात्पर्य एकच निघते : बाहेरची वस्तू एकटी दुःख देत नाही, वस्तू आणि जाणणारे साधन यांचा संयोग व्हावा लागतो.

आचार्यांच्या भाष्यातील एक सूक्ष्म स्थळ या विषयात फार उपयोगी आहे. श्लोकात शीत-उष्ण आणि सुख-दुःख यांचा वेगवेगळा निर्देश का केला, असा प्रश्न उत्पन्न करून आचार्य समाधान देतात, की शीत हे कधी सुखकर असते, कधी दुःखकर; उष्णाचेही तसेच; परंतु सुख-दुःखांचे स्वरूप मात्र ठरलेले आहे. म्हणजे इंद्रियाला झालेला बोध आणि त्या बोधाचे दुःखरूपाने होणारे ग्रहण या दोन भिन्न पायऱ्या आहेत. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात ‘सुखदुःखविवेक’ हे स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे, आणि दुःख म्हणजे जे प्रतिकूल म्हणून अनुभवास येते ते, या नैयायिकांच्या लक्षणाची चर्चा त्यात केली आहे. ‘प्रतिकूल म्हणून अनुभवास येणे’ यात अनुभव घेणारे मन गृहीतच आहे.

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. त्या व्याख्येतही वेदना हा इंद्रियजन्य आणि भावजन्य असा दुहेरी अप्रिय अनुभव मानलेला आहे. शरीराची इजा ही त्याच्याशी निगडित असते, किंवा निगडित असल्यासारखी भासते, असे म्हटले आहे. इजा आणि वेदना या एकच नव्हेत, हे आधुनिक शास्त्रालाही मान्य झालेले आहे.

४. हृदयाची वेदना कशी उत्पन्न होते

हृदय हा अहोरात्र काम करणारा स्नायू होय. त्याला स्वतःलाही रक्त लागते आणि ते परिहृद् धमन्यांतून मिळते. या धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, की कामाच्या मानाने प्राणवायू अपुरा पडतो. अशा वेळी स्नायूत काही द्रव्ये साचतात; त्यांपैकी अॅडेनोसीन हे प्रमुख होय. ती तेथील मज्जातंतूंच्या टोकांना चेतवितात. हा निरोप मुख्यतः पाठीच्या कण्याच्या वरच्या भागात पोचतो. त्याच भागात छातीच्या त्वचेचे आणि डाव्या हाताचे निरोपही येत असल्यामुळे मेंदूला निरोपाचा उगम नेमका ओळखता येत नाही. म्हणून हृदयाची कळ हातात, मानेत, जबड्यात किंवा पाठीत जाणवते. तेथून निरोप मेंदूच्या अनेक भागांत जातो, आणि तेथे भय, स्मृती, अवधान यांची त्यात भर पडते. या सर्वांचे फलित म्हणजे हृच्छूल, ज्याला डॉक्टर अंजायना म्हणतात.

मेंदू हा निरोप घेणाराच नव्हे, तर निरोपावर नियंत्रण ठेवणाराही आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी असे प्रतिपादन केले, की पाठीच्या कण्यात जणू एक द्वार असते आणि मेंदूच्या आज्ञेने ते कमी-अधिक उघडते. त्या उपपत्तीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या; परंतु वरून खाली येणारी आज्ञा वेदना वाढवू शकते आणि शमवूही शकते, हा मूळ मुद्दा टिकून राहिला आहे.

५. ताणाचे दोन परस्परविरुद्ध परिणाम

येथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मानसिक ताणाचा हृदयरोग्यावर परिणाम एकाच दिशेने होत नाही.

पहिला परिणाम हृदयावर होतो. क्रोध, भय किंवा अपमान यांच्या वेळी अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात वाढतात. नाडी आणि रक्तदाब चढतो. हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. निरोगी धमनी अशा वेळी रुंदावते. रोगट धमनी उलट आकुंचन पावू शकते. मागणी वाढावी आणि त्याच क्षणी पुरवठा घटावा, अशी ही दुहेरी आपत्ती होय. १९८८ साली अमेरिकेतील रोझान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ हृदयरोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना मनातल्या मनात गणिते करणे, स्वतःविषयी भाषण करणे अशी कामे दिली होती. २३ जणांच्या हृदयाच्या भिंतीची हालचाल त्या वेळी बिघडली. आणि त्यांपैकी १९ जणांना छातीत काहीही दुखले नाही. सर्वांत अधिक परिणाम कशाने झाला, तर स्वतःच्या उणिवांविषयी इतरांसमोर बोलण्याने. हृदय गुदमरत होते, आणि मनुष्य बोलत होता.

२०२१ साली अमेरिकेतील व्हॅकारिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९१८ हृदयरोग्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४७ जणांमध्ये मानसिक ताणाने अशी रक्ताची उणीव उत्पन्न झाली. ज्यांच्यात ती झाली, त्यांना पुढील काळात हृदयविकाराचा झटका किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचा धोका अधिक असल्याचे आढळले.

दुसरा परिणाम वेदनेच्या ग्रहणावर होतो. २०२० साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १४८ हृदयरोग्यांना ताण देऊन त्यांच्या हृदयाची आणि मेंदूची चित्रे घेतली. मेंदूच्या कपाळामागील खालच्या भागात ज्यांच्या ठिकाणी ताणाने अधिक क्रिया दिसली, त्यांनी हृच्छूल अधिक होत असल्याचे सांगितले. हृदयाच्या रक्तपुरवठ्यात किती उणीव आहे, यापेक्षा मेंदूच्या या क्रियेशी वेदनेचा संबंध अधिक जुळला.

एवंच, ताण हृदयाला इजा करतो आणि पुष्कळदा ती इजा कळू देत नाही. तोच ताण दुसऱ्या एखाद्याच्या ठिकाणी थोड्या इजेची मोठी वेदना करतो. यावरून सिद्धान्त असा निघतो : वेदनेचे मान हे हृदयाच्या इजेचे मान नव्हे. कळ मोठी म्हणून रोग मोठा असे नाही. कळ नाही म्हणून रोग नाही, असेही नाही.

६. दृष्टान्त

सिद्धान्त दृढ व्हावा म्हणून शास्त्रकारांच्या परिपाटीप्रमाणे देवदत्त आणि यज्ञदत्त यांना पुढे घ्यावे. दोघे इरुंगाट्टुकोट्टैच्या वसाहतीत निरनिराळ्या कारखान्यांत कामाला आहेत, दोघांचे वय पन्नाशीच्या घरात, आणि दोघांच्याही हृदयाच्या धमन्या सारख्याच अरुंद झालेल्या आहेत, अशी कल्पना करावी.

देवदत्ताला एकदा रुग्णालयात राहावे लागले. तेव्हापासून तो प्रत्येक ठोका मोजतो. वरिष्ठांनी बोलावले, गावाकडून अवेळी फोन आला, मुलाचा निकाल लांबला, की त्याची छाती दाटते. वेदनेने भय आणि भयाने वेदना असे चक्र सुरू होते. घरचे लोक आरंभी धावले. पुढे पुढे ‘यांचे नेहमीचेच आहे’ असे म्हणू लागले. यज्ञदत्ताला मधुमेहही आहे. त्याला छातीत कधी दुखत नाही. काम अंगावर आले, की थोडा घाम येतो, दम लागतो, जेवण पचले नाही असे वाटते. तो पाणी पितो आणि पाळी पुरी करतो. सहकारी त्याच्या धैर्याची वाखाणणी करतात.

या दोघांत भित्रा कोण आणि धीर कोण, हा प्रश्नच अस्थानी आहे. देवदत्ताची वेदना खोटी नाही. यज्ञदत्ताची स्वस्थता खरी नाही. दीर्घकालीन मधुमेहात मज्जातंतू बधिर होऊ शकतात, त्यामुळे हृदयाचा निरोप पोचतच नाही. देवदत्ताला विश्वासाची आणि मनाच्या उपचाराची गरज आहे, तीही हृदयाचा उपचार न सोडता. यज्ञदत्ताला तपासणीची गरज आहे, तीही वेदनेची वाट न पाहता. ‘नेहमीचेच आहे’ हे वाक्य देवदत्ताच्या घरी जितके घातक, तितकीच ‘काही होत नाही’ ही प्रौढी यज्ञदत्ताच्या तोंडी घातक.

७. प्राचीनांचे मत

चरकसंहितेच्या शारीरस्थानात वेदनेचे अधिष्ठान मन आणि सेंद्रिय देह असे दोन्ही सांगितले आहे. केवळ देह सांगितलेला नाही. चिकित्सास्थानात हृद्रोगाची कारणे मोजताना अतिश्रमादिकांबरोबर चिंता, भय आणि त्रास यांचा उल्लेख येतो. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदयाचे माहात्म्य वर्णून, ज्याला हृदय आणि ओज यांचे रक्षण करावयाचे आहे त्याने मनाला दुःख देणारी कारणे विशेषेकरून टाळावीत, असा स्पष्ट उपदेश केला आहे. ‘विशेषेकरून’ या शब्दाचे महत्त्व ध्यानी घ्यावे. पथ्य आणि औषध सांगितलेच आहे. पण मनाची जपणूक ही त्याहून वेगळी नाही, उपचाराचाच भाग आहे.

गीतेतही मनाचा देहावर होणारा परिणाम आरंभीच दाखविला आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अवयव गळतात, तोंड कोरडे पडते, शरीर कापते, त्वचा जळू लागते, हातातून गांडीव निसटते. अजून एकही बाण सुटलेला नसतो. शोक मनात आणि दाह त्वचेत, हा अनुभव व्यासांनी वैद्याच्या डोळ्याने टिपला आहे.

८. शंका-समाधान

शंका : वेदना मनावर अवलंबून असेल, तर ती काल्पनिकच नव्हे काय?

समाधान : नव्हे. १९५९ आणि १९६० या साली अमेरिकेत दोन लहान प्रयोग प्रसिद्ध झाले. हृच्छूलासाठी छातीतील एक धमनी बांधण्याची शस्त्रक्रिया त्या काळी प्रचारात होती. काही रोग्यांची धमनी खरोखर बांधली, काहींच्या त्वचेवर केवळ छेद घेतला. दोन्ही गटांतील पुष्कळांची वेदना सारखीच कमी झाली, आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. २०१७ साली ब्रिटनमध्ये २०० रोग्यांवर झालेल्या ‘ऑर्बिटा’ प्रयोगात औषधे चालू असताना स्टेंट बसविलेले आणि बसविल्याचा केवळ आभास केलेले, यांच्या चालण्याच्या क्षमतेत निर्णायक फरक पडला नाही. परंतु एवढ्यावरून ‘सारे मनाचेच’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने पुढचेही वाचावे. २०२३ साली त्याच परंपरेतील दुसऱ्या प्रयोगात, हृच्छूलावरील औषधे थांबविलेल्या ३०१ रोग्यांमध्ये, खऱ्या स्टेंटने हृच्छूल निश्चितपणे अधिक कमी झाला. हे प्रयोग स्थिर स्वरूपाच्या हृच्छूलाविषयीचे आहेत. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात बंद पडलेली धमनी तातडीने उघडणे प्राण वाचविणारे असते, याविषयी वाद नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगून, त्यांपैकी एकालाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी यथार्थ नव्हे, असे म्हटले आहे. तोच न्याय येथे लावावा. केवळ धमनी पाहणारा आणि केवळ मन पाहणारा, दोघेही अर्धेच पाहतात.

शंका : गीतेने तितिक्षा सांगितली आहे. श्रीरामानुजाचार्यही युद्धादि शास्त्रीय कर्म समाप्त होईपर्यंत धैर्याने सहन करावे, असा अर्थ करतात. मग छातीत कळ आली असता काम टाकून रुग्णालयाकडे धावणे हे दौर्बल्य नव्हे काय?

समाधान : श्लोकाचे कारणपद पाहावे. हे संयोग ‘आगमापायी’ आहेत, म्हणजे येतात आणि आपोआप जातात, म्हणून ते सहन करावयाचे. थंडी ओसरते, ऊन उतरते, तापलेली जमीन रात्री निवते. आपोआप जाणाऱ्या दुःखासाठी आरंभिलेले कर्तव्य सोडू नये, हा तितिक्षेचा विषय. गोठलेल्या रक्ताने बंद झालेली हृदयाची धमनी वाट पाहिल्याने उघडेल, असा भरवसा नसतो. वाट पाहण्यात दर घटकेला हृदयाचा स्नायू मरत जातो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. जेथे हेतूच लागू नाही, तेथे विधी लागू होत नाही. शिवाय सतराव्या अध्यायात शरीरातील भूतसमुदायाला अविवेकाने कृश करणाऱ्यांची निंदा केली आहे, आणि मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. कळ दाबून पाळी पुरी करणे हे या वर्गात मोडते. त्याला तितिक्षा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. आणि दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात ज्या हृदयाच्या दौर्बल्याचा त्याग करण्यास सांगितले आहे, ते मनाचे कातरपण. हृदयाच्या स्नायूचा रोग नव्हे.

शंका : मग तितिक्षेला हृदयरोग्याच्या जीवनात स्थानच नाही काय?

समाधान : आहे, आणि मोठे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या छपन्नाव्या श्लोकात स्थितप्रज्ञाचे मन दुःखांत उद्विग्न होत नाही, असे म्हटले आहे. त्याला दुःख होतच नाही, असे म्हटलेले नाही. तेराव्या अध्यायात सुख आणि दुःख यांची गणना क्षेत्रात केलेली आहे. देह आहे तोवर वेदना ही क्षेत्राची वस्तू म्हणून राहणारच. भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे : एक बाण शरीराला लागतो, अज्ञानी मनुष्य शोक करून दुसरा बाण मनाला लावून घेतो. पहिला बाण काढणे वैद्याचे काम, दुसरा न लावून घेणे साधकाचे काम. पहिला बाण रुतलेला असताना तो नाहीच असे म्हणणे, हे दोघांचेही काम नव्हे.

९. साधनविचार

आता कर्तव्य काय, ते क्रमाने सांगितले जात आहे. क्रम मोडू नये.

पहिले साधन तत्परता. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, दम लागणे, एकाएकी आलेली ग्लानी, यांपैकी काही नव्याने उद्भवले किंवा नेहमीपेक्षा अधिक झाले आणि काही मिनिटांत ओसरले नाही, तर ते ताणाचे की रोगाचे, हा निर्णय स्वतः करू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तामिळनाडूत २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडून झटक्याच्या रोग्याला वेळेत उपचार देण्याचा प्रयोग झाला. २,४२० रोग्यांच्या त्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले. २०२३ साली त्या राज्याने ‘इदयम् काप्पोम्’, म्हणजे ‘हृदय जपूया’, ही योजना सुरू करून झटक्याच्या औषधांची पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच देण्याची सोय केली. सोय दाराशी आली तरी पाऊल रोग्यालाच उचलावे लागते.

दुसरे साधन निवेदन. वैद्याला केवळ कळ सांगू नये. कळीच्या वेळी मनात काय होते, तेही सांगावे. झोप, कर्ज, कलह, शोक हे तपासणीच्या कागदावर उमटत नाहीत. निरंतर खिन्नता किंवा भय असेल, तर त्याचाही स्वतंत्र उपचार असतो आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

तिसरे साधन अभ्यास. १९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते यांनी, लोणावळ्याच्या कैवल्यधामाशी संबंधित डॉ. विनेकर आदींच्या सहकार्याने, रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकवून त्याचा उपयोग दाखविला. १९९० साली अमेरिकेत डॉ. डीन ऑर्निश यांनी ४८ हृदयरोग्यांच्या अभ्यासात शाकाहार, धूम्रपानत्याग, व्यायाम आणि योगाधारित मनःशांतीचा अभ्यास यांचा एकत्रित परिणाम तपासला. त्या मार्गाने गेलेल्यांचा हृच्छूल पुष्कळ कमी झाला. डॉ. ऑर्निश हे कोइम्बतूरजवळ जन्मलेल्या स्वामी सच्चिदानंदांचे शिष्य. तेथे अनेक उपाय एकत्र असल्याने श्रेय एकट्या योगाला देता येत नाही. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रोग्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘योगा-केअर’ प्रयोगात झटक्यानंतर योग शिकलेल्यांचे स्वास्थ्य त्यांच्या स्वतःच्या अनुभवाने सुधारले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात वळले. मृत्यू आणि पुनः झटके यांत मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. म्हणून योग औषधाबरोबर करावा, औषधाऐवजी नव्हे.

चौथे साधन सहवासाची शुद्धी. बाराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात, ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो भक्त भगवंतांना प्रिय म्हटला आहे. हृदयरोग्याच्या घरी आणि कामाच्या ठिकाणी या श्लोकाचा पूर्वार्ध इतरांनी पाळावयाचा आहे. चारचौघांसमोर अपमान केल्याने रोगी हृदयाचा रक्तपुरवठा घटू शकतो, हे आता मोजून पाहिलेले आहे. त्यामुळे कठोर शब्द हीही हिंसाच ठरते.

१०. उपसंहार

तात्पर्य असे : मात्रास्पर्शाचे ज्ञान म्हणजे वेदनेचा अनादर नव्हे, तर वेदनेची पारख. जे येते आणि जाते, ते धैर्याने सहन करावे; जे आपोआप जाणार नाही, त्याचा उपाय तत्काळ करावा; आणि दोहोंतील भेद स्वतःस कळत नसेल, तेथे जाणत्यास विचारावे. देवदत्ताला ‘तुझी कळ खरी आहे, आणि तू एकटा नाहीस’ असे सांगणारा कोणी तरी हवा. यज्ञदत्ताला हात धरून तपासणीस नेणारा हवा. श्लोक पाठ असलेल्या प्रत्येकाला ही दोन्ही कामे करता येण्यासारखी आहेत.

मननार्थ प्रश्न

१. श्लोकातील ‘आगमापायी’ हे पद वगळले, तर तितिक्षेच्या उपदेशाचा अर्थ कसा बदलेल?
२. वेदनेचे मान आणि इजेचे मान भिन्न असण्याची दोन उदाहरणे या पाठातून द्या.
३. आपल्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाची कळ ‘नेहमीचीच’ म्हणून ऐकली जात नाही, आणि कोण आपली कळ लपवीत आहे, याचा विचार करून या आठवड्यात त्यांच्याशी बोलावे.